विमानाची प्रतिकृती : खेळ की अभ्यास?

स्नेहसंमेलनाचे दिवस आले की ठिकठिकाणच्या महाविद्यालयांत प्रदर्शने भरतात आणि विज्ञानाच्या दालनात एक तरी लढाऊ जेट विमान हमखास असते. थर्मोकोलचे धड, त्यावर चंदेरी रंग, पंखांवर तिरंगी वर्तुळे आणि शेपटीत बॅटरीवर लुकलुकणारा लाल दिवा. पाहुणे कौतुक करतात, परीक्षक पाठ थोपटतात, फोटो निघतो. पण त्या विमानाशेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला ‘हे विमान कोणते?’ असे विचारून पाहावे. ‘फायटर जेट आहे, सर!’ यापलीकडे उत्तर बहुधा मिळत नाही. मूळ विमान किती लांब होते, ते किती पटींनी लहान केले, पंख मागे का वळलेले आहेत, इंजिनाला हवा कोठून मिळते, या प्रश्नांना मौन हेच उत्तर. अलीकडे तर असे नमुने आयते करून देणारी दुकानेही निघाली आहेत. पैसे मोजावेत, पाटीवर आपले नाव घालून घ्यावे आणि बक्षीस घेऊन घरी जावे, इतके काम सोपे झाले आहे.

कोणा एकाला नावे ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. दोष सर्वांचा आहे; विकत आणणाऱ्याचा आहे, तसा न विचारता बक्षीस देणाऱ्याचाही आहे. माझे म्हणणे एवढेच की विमानाची प्रमाणबद्ध प्रतिकृती करणे हा वेळ घालवण्याचा चाळा नव्हे. नीट केला तर तो अभ्यासाचा अत्यंत कसदार प्रकार आहे. आणि कर्नाटकात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने लढाऊ जेट विमान करायचेच ठरवले, तर परदेशी विमानांच्या मागे लागण्यापूर्वी त्याने एकदा ‘मारुत’ करून पाहावे.

मारुत का? कारण भारतात आराखडा होऊन भारतातच बांधले गेलेले ते पहिले लढाऊ जेट विमान. आणि ते आपल्याच राज्यात, बेंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यात जन्मले. त्याच्या आराखड्याचे प्रमुख होते जर्मन अभियंता कुर्ट टँक. दुसऱ्या महायुद्धातील ‘फोके-वुल्फ १९०’ हे नामांकित विमान त्यांचेच. ते १९५६ मध्ये भारतात आले आणि १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी मारुत प्रथम आकाशात नेले. एकूण १४७ मारुत बांधले गेले, त्यांपैकी १८ दोन आसनांचे होते. १९६७ पासून हवाई दलाच्या तुकड्यांत ते दाखल झाले, १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर लढले आणि १९९० च्या सुमारास निवृत्त झाले. स्पिटफायर किंवा मिग यांचे प्लास्टिकचे संच जगभर मिळतात. मारुतचा संच मोठ्या परदेशी कंपन्यांच्या यादीत शोधून सापडणे कठीण. म्हणजे मारुत करायचे तर ते बव्हंशी स्वतःच मोजून, कापून, घासून करावे लागणार. अनेकांना ही अडचण वाटेल. मला ती सोय वाटते. डबा उघडला, चिठ्ठी वाचली आणि क्रमांकाप्रमाणे तुकडे चिकटवले, हा मार्ग इथे बंद आहे.

या कारखान्याशी मराठी माणसाचाही जुना संबंध आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० मध्ये तो उभारला. कोल्हापूर जिल्ह्यात १९०८ साली जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत गॉटिंगेन येथे प्रांटल यांच्या हाताखाली शिकले, बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी विमानविद्या शिकवली आणि याच कारखान्यात विमानांचे आराखडे केले. १९५१ मध्ये उडालेले ‘एचटी-२’ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान आणि १९६४ मध्ये उडालेले ‘किरण’ हे जेट विमान त्यांच्या मार्गदर्शनाखाली झाले. बिदरच्या ‘सूर्यकिरण’ पथकाने अनेक वर्षे कसरती केल्या त्या याच किरण विमानांवर. घाटग्यांचे नाव आपल्या वर्गातल्या किती जणांनी ऐकले आहे, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःलाच विचारावा.

आता मुळात ‘प्रमाणबद्ध’ म्हणजे काय ते पाहू. खेळणे आणि प्रतिकृती यांच्यात फरक आहे तो मापाचा. विमानांच्या प्रतिकृतींसाठी १:७२ हे प्रमाण जगभर रूढ आहे. मारुतचे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे पंख ९ मीटर, म्हणजे प्रतिकृतीत बरोबर साडेबारा सेंटिमीटर. उंची ३.६० मीटर, म्हणजे ५ सेंटिमीटर. लांबी १५.८७ मीटर, म्हणजे २२ सेंटिमीटरला किंचित अधिक. आत बसणारा पावणेसहा फुटी वैमानिक अडीच सेंटिमीटरही भरत नाही. इथे कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले ७२ मिलिमीटर. पंखाचे टोक दोन मिलिमीटर चुकले की विमानात जवळजवळ १५ सेंटिमीटरची चूक झाली! हे गणित चौथीच्या मुलालाही येते. पण ते वहीत सोडवणे निराळे आणि कानस हातात घेऊन लाकडावर सोडवणे निराळे.

कोणी म्हणेल, एवढा काटेकोरपणा कशासाठी? त्याने आपल्याच गावातल्या बेंगेरीला जाऊन यावे. तिथल्या खादी संघात राष्ट्रध्वज तयार होतात. लांबी-रुंदी ३ ला २, अशोकचक्राला २४ आरे, सूत, रंग, शिवण सारे ठरल्या मानकाप्रमाणे. त्यात उणे पडलेला ध्वज दिसायला सुंदर असला तरी बाद. रेल्वेच्या वर्कशॉपमध्येही हुबळीची माणसे १८८० च्या दशकापासून मापाने लोखंड घडवीत आली आहेत. मापाची शिस्त ही या गावाला नवी नाही. नवी झाली असेल तर ती आपल्या वर्गांना.

ज्यांना प्रतिकृती म्हणजे पोरखेळ वाटतो त्यांच्यासाठी मारुतच्याच इतिहासातली एक गोष्ट पुरेशी आहे. खरे विमान बांधण्यापूर्वी टँक यांच्या चमूने त्याच आकाराचे, पूर्ण मापाचे, बिनइंजिनाचे लाकडी ग्लायडर तयार केले. डाकोटा विमानाच्या मागे दोराने बांधून ते उंच न्यायचे आणि सोडून द्यायचे. १९५९ पासून वर्षभरात त्याची ७८ उड्डाणे झाली आणि विमान हवेत कसे वागेल याचा अंदाज त्यातून आला. म्हणजे देशातील पहिले लढाऊ जेट विमान आधी लाकडी प्रतिकृतीच्या रूपानेच आकाशात गेले. बोगद्यात हवा सोडून तपासायच्या लहान नमुन्यांची तर गोष्टच वेगळी. त्यांच्याशिवाय कोणत्याच विमानाचा आराखडा पुरा होत नाही. मोठमोठे अभियंते नमुन्यापासून शिकतात, आणि आम्हांला मात्र तो दिवा लावून मिरवण्याची वस्तू वाटते!

खरा अभ्यास सुरू होतो तो बारकाव्यांपाशी. दुरून डोंगर साजरे, तशी दहा फुटांवरून सारीच विमाने साजरी दिसतात. जवळ जावे तेव्हा प्रश्न उभे राहतात. मारुतच्या धडाला दोन्ही बाजूंनी हवा आत घेणारी तोंडे आहेत आणि प्रत्येक तोंडात अर्धा शंकू बसवलेला आहे. तो शोभेसाठी नाही. विमान ध्वनीच्या वेगाच्या पलीकडे जाऊ लागले की आत शिरणारी हवा आधी मंदावावी लागते, त्यासाठी तो आहे. वरून पाहिले तर पंखांच्या जागी धडाची कंबर बारीक झालेली दिसते. पंख आणि धड यांचा एकूण छेद एकाएकी फुगू नये, म्हणजे हवेचा विरोध कमी होतो, म्हणून ती कंबर. लाकूड घासताना ही कंबर जमली नाही की विमान बेढब दिसते, आणि का दिसते हे शोधू लागलो की पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातला एक धडा आपोआप उघडतो.

मग आपण शेपटाकडे येतो. तिथे एकमेकांना लागून दोन लहान गोल नळ्या आहेत. एक मोठे इंजिन न घालता दोन लहान का? मारुतची सारी कहाणी या दोन भोकांत आहे. विमानाची आखणी ध्वनीच्या दुप्पट वेगाचे लक्ष्य ठेवून झाली होती. त्यासाठी योजलेल्या अधिक ताकदीच्या ऑर्फियस इंजिनाचा विकास ब्रिटनमध्ये सोडून देण्यात आला. मग साधी ऑर्फियस ७०३ ही इंजिने जोडीने बसवावी लागली. नॅट या चिमुकल्या विमानातही ऑर्फियसच होते. पुढे दुसरे इंजिन मिळवण्याचे प्रयत्न झाले, एक मारुत इजिप्तमध्ये नेऊन तिथल्या इंजिनाची चाचणीही झाली, पण काही जमले नाही. धड उत्तम आणि दम अपुरा, अशी या विमानाची अवस्था शेवटपर्यंत राहिली. ध्वनीच्या वेगाच्या आसपासच ते अडकले. तरीही एक इंजिन निकामी झाले असता दुसऱ्याच्या बळावर मारुत तळावर परत आल्याचे प्रसंग १९७१ मध्ये घडले. ज्याने त्या दोन नळ्या स्वतःच्या हाताने बसवल्या असतील तो हे विसरणार नाही. नुसती टिपणे पाठ करणारा परीक्षेनंतर आठवड्यात विसरतो.

साहित्याची सबब सांगू नये. धडासाठी बाल्सा किंवा मऊ सागाचा तुकडा, पंखांसाठी जाड पुठ्ठा किंवा प्लास्टिकचा पत्रा, सांधे बुजवायला एम-सील, घासायला पॉलिशपेपर. हे सारे दुर्गदबैलच्या बाजारात मिळते. बॉलपेनची रिकामी नळी शेपटातल्या नळीच्या कामी येते. मारुतच्या नाकात ३० मिलिमीटरच्या चार तोफा होत्या. १:७२ मध्ये तोफेचे भोक ०.४२ मिलिमीटर होते आणि इंजेक्शनच्या २२ नंबरच्या सुईचे भोक जवळजवळ तेवढेच असते. सुई मात्र नवी कोरी घ्यावी व टोक कापून टाकावे. प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर तापवून ओढली की केसासारखी तार निघते, ती अँटेनाला चालते. कॅनोपीसाठी आधी लाकडाचा साचा घासावा आणि पाण्याच्या बाटलीचे पारदर्शक प्लास्टिक गरम करून त्यावर बसवावे. तीनदा बिघडेल, चौथ्यांदा जमेल. नाकात शिशाचा तुकडा किंवा छर्रे आधीच भरावेत. मारुतला पुढे एक आणि मागे दोन चाके. वजन विसरले की सारी मेहनत शेपटावर बसते! आणि चिकटवण्यापूर्वी प्रत्येक तुकडा कोरडाच जुळवून पाहावा. हा शेवटचा नियम विमानापुरताच नाही.

बारकावे कोठवर करावेत, यालाही माझ्या मते विवेक हवा. हौशी मुले विमानाच्या पत्र्यांचे सांधे दाखवण्यासाठी खोल रेघा ओढतात. हिशेब करून पाहा. खऱ्या विमानावर दोन पत्र्यांतली फट दोन मिलिमीटर धरली तर प्रतिकृतीत ती ०.०३ मिलिमीटरही भरत नाही. माणसाचा केस त्याहून जाड असतो. उलट आपण ०.३ मिलिमीटरची रेघ कोरली तर प्रत्यक्षात ती दोन सेंटिमीटरहून रुंद भेग होईल. अशा भेगांचे विमान धावपट्टी तरी सोडेल काय? तेव्हा रेघ दिसावी, पण ओरडू नये. तीच गोष्ट मळाची. धूर, तेलाचे ओघळ, वाळवंटातली धूळ हे दाखवायला हरकत नाही, पण विमान सांभाळणारे तंत्रज्ञ रोज ते पुसत असत हेही ध्यानात असावे. गणपतीचा मूर्तिकार डोळ्यांची आखणी शेवटी करतो आणि हात आवरून करतो. आपणही रंगाच्या बाबतीत तसेच असावे.

रंग कोणता द्यावा, हा आणखी एक धडा. मारुत पाहायचे तर बेंगळुरूला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या संग्रहालयात आणि विश्वेश्वरय्या संग्रहालयात ते आहे. मुंबईला वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात आहे. म्युनिकजवळच्या जर्मन संग्रहालयातही एक आहे. जरूर जावे, मोजावे, फोटो घ्यावेत. पण संग्रहालयातली विमाने उन्हापावसापासून वाचवण्यासाठी पुन्हा पुन्हा रंगवली जातात, तोंडे झाकली जातात, टायर बसलेले असतात. समोर दिसते ते सारे खरेच असे नाही. युद्धकाळातील जुन्या छायाचित्रांशी ते ताडून पाहावे लागते, आणि दोन पुराव्यांत फरक पडला तर कोणता का मानला हे वहीत लिहावे लागते. इतिहासाच्या प्राध्यापकांना आपल्या विद्यार्थ्यांकडून याहून वेगळे काय हवे असते?

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप वेळेचा. रोज एक तास दिला तर सहामाहीच्या आत एक मारुत नेटके होते. आपल्यापैकी बहुतेकांचा मोबाईल याहून अधिक वेळ दररोज खातो. दुसरा आक्षेप, आता त्रिमितीय छपाईचे यंत्र आहे, मग हाताने कशाला? यंत्राशी माझे वैर नाही. स्वतः मापे घेऊन, स्वतः आराखडा काढून जो भाग छापला तो आपलाच. पण दुसऱ्याची फाइल उतरवून बटण दाबणे आणि दुकानातून नमुना आणणे यांत मला फरक दिसत नाही. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : लढाऊ विमान म्हणजे संहाराचे साधन, त्याचे कौतुक विद्यार्थ्यांनी का करावे? हा प्रश्न योग्य आहे आणि तो टाळू नये. पण माझा अनुभव असा की अज्ञानातून केलेला जयघोष जितका उथळ असतो तितकी जाणून केलेली प्रतिकृती नसते. ज्याने कॉकपिटमध्ये ती अडीच सेंटिमीटरची आकृती बसवली, त्याला १० जानेवारी १९७० हा दिवस ठाऊक असतो. मारुत प्रथम उडवणारे सुरंजन दास त्या दिवशी मारुतच्याच सुधारित नमुन्याची चाचणी घेताना मृत्यू पावले. विमान म्हणजे केवळ वेग आणि आवाज नव्हे, तर आत एक माणूस बसलेला असतो, हे दिवा लुकलुकवणाऱ्या नमुन्यातून कळत नाही.

या साऱ्याहून मला अधिक महत्त्वाची वाटते ती एक दुसरीच गोष्ट. मारुत प्रथम उडाले १९६१ मध्ये. त्यानंतर आपल्या आराखड्याचे नवे लढाऊ विमान उडाले ते तेजस, ४ जानेवारी २००१ रोजी, बेंगळुरूलाच. मध्ये सुमारे चाळीस वर्षे. या काळात परवान्याखाली परदेशी विमाने बांधली गेली, सुधारणाही झाल्या. पण कोऱ्या कागदावर सुरुवात करून लढाऊ विमान आकाशात नेण्याचे काम खंडित झाले. तेजस उडाले तोवर मारुतची पिढी बहुतांशी निवृत्त झालेली होती. कारणे पैशाची होती, इंजिनाची होती, धोरणाचीही होती. पण परिणाम एकच : हातातले कसब हे पुस्तकातल्या सूत्रासारखे कपाटात ठेवून चाळीस वर्षांनी काढता येत नाही. ते या हातातून त्या हातात द्यावे लागते. मध्ये एक पिढी रिकामी गेली की पुढच्या पिढीला पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो. विद्यानगरात पुठ्ठ्याची विमाने केल्याने देशाचा हा प्रश्न सुटेल, असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. मात्र कसब खंडित होण्याची सुरुवात कोठे होते हे मला दिसते. विद्यार्थ्याने केले नाही तरी चालते, असे जिथे आपण ठरवतो, तिथेच ती होते.

म्हणून काही सूचना कराव्याशा वाटतात. प्रदर्शनात प्रतिकृतीबरोबर तिची वहीही मांडली जावी : मापे, हिशेब, पुरावे, फसलेले प्रयत्न. परीक्षकांनी आधी वही पाहावी आणि मग विमान. वहीशिवाय आलेला नमुना प्रदर्शनात जरूर ठेवावा, पण स्पर्धेत घेऊ नये. सहल ठरवताना बेंगळुरूच्या बागांबरोबर एक सकाळ विमानांच्या संग्रहालयालाही द्यावी. पाटी मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हींत लिहावी, आणि काम करणारी मुलेही दोन्ही विभागांची असावीत. लेथवरच्या मिस्त्रींशी बोलायला आम्हां मराठी मुलांना कन्नड मित्र लागतोच, आणि घाटग्यांचे एखादे मराठी चरित्र हाती लागले तर ते वाचून दाखवायला त्याला आमची गरज पडेल. साडेबारा सेंटिमीटर हे दोन्ही भाषांत साडेबारा सेंटिमीटरच असतात.

शेवटची सूचना सर्वांत सोपी आहे. तयार झालेले विमान घरच्या शोकेसमध्ये नेऊ नये. ते वहीसकट महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला द्यावे. पुढच्या वर्षीच्या मुलांनी ते हाती घ्यावे, चुका शोधाव्यात, वहीत त्याखाली आपली मापे लिहावीत आणि दुसरे, अधिक अचूक मारुत करावे. विद्यार्थी मित्रहो, या वर्षी पहिली वही कोण घालणार, तेवढे ठरवा.